आश्रमशाळा आणि सिकलसेलची मुले : प्रस्तावना

कुरखेडा परिसरातल्या आश्रमशाळांविषयी आजवर जे लिहिले गेले त्यात पटसंख्या, निकाल, इमारती, रिक्त पदे आणि निधी हे विषय आले. मुलांच्या दुखण्याचा विषय आला तो एखाद्या मृत्यूची बातमी झाली तेव्हाच. हे पुस्तक त्याच शाळांकडे दुखण्याच्या बाजूने पाहते. जून ते एप्रिल घरापासून लांब राहणारे आणि अंगात सिकलसेल घेऊन आलेले मूल तिथे कसे राहिले, त्याचे दुखणे कोणी ओळखले, रात्री त्याच्यासाठी कोण उठले, दवाखान्यात कोणी नेले, हा या पुस्तकाचा विषय आहे. प्रस्तावनाकार म्हणून माझे म्हणणे एकच आहे. सिकलसेल असलेल्या मुलासाठी आश्रमशाळेची दिनचर्या हेच निम्मे औषध असते, आणि ती दिनचर्या ज्यांच्या हातात आहे त्या अधीक्षकांना, स्वयंपाक्यांना आणि कामाठ्यांना हे कोणी कधी नीट सांगितलेले नाही.

कुरखेडा हे गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागातले, सती नदीकाठचे तालुक्याचे गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याआधी इथल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी थेट चंद्रपूर गाठावे लागे. रेल्वे पकडायची तर आजही वडशाला जायचे. त्या गावाचे कागदावरचे नाव देसाईगंज, बोलण्यात मात्र वडसाच. पूर्वेला कोरची, त्याच्या पलीकडे छत्तीसगड. गोंड, कंवर, हलबा, ढिवर, बौद्ध अशी मिश्र वस्ती. घरात गोंडी, छत्तीसगडी नाहीतर झाडीबोली. शेती धानाची, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. गावे लहान, टोले त्याहून लहान. पावसाळ्यात नाले भरले की दोन गावांमधला रस्ता तुटतो. चौथीच्या पुढे शिकायचे तर मुलाने घर सोडायचे, हा इथला जुना व्यवहार आहे.

निवासी शाळा आली ती या अंतराला उत्तर म्हणून. आदिवासी मुलांना शाळेतच ठेवून घ्यायचे, तिथेच जेवू घालायचे आणि शिकवायचे ही कल्पना ठक्कर बाप्पांच्या कामात दिसते. १९२२ साली दाहोदला त्यांनी भील सेवा मंडळ स्थापन केले आणि त्यातून आश्रमशाळा उभ्या राहिल्या. महाराष्ट्र शासनाने १९७२-७३ पासून आश्रमशाळांची योजना हाती घेतली. आपल्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात हेमलकशात लोक बिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये सुरू झाला, १९७६ साली तिथे शाळा उघडली. हेमलकशाचे वेगळेपण असे की तिथे दवाखाना आधी आला आणि शाळा नंतर, दोन्ही एकाच आवारात. बाकीच्या बहुतेक आश्रमशाळांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. शासनाच्या मनात शाळा म्हणजे वर्ग, निवास आणि भोजन होते. मूल आजारी पडेल तेव्हा काय, याचे उत्तर जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र एवढेच होते.

आजारी मुलांसाठी मुद्दाम बांधलेली निवासी शाळा जगात झालेली आहे, आणि तिचा इतिहास इथे थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. स्वित्झर्लंडमधले दावोस समुद्रसपाटीपासून सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे. जर्मनीतल्या १८४९ च्या उठावात भाग घेतल्याने परागंदा झालेला अलेक्झांडर श्पेंगलर १८५३ साली तिथे डॉक्टर म्हणून आला. खालच्या शहरांत घरोघरी माणसे नेणारा क्षय या डोंगरातल्या लोकांत फारसा आढळत नाही, हे त्याच्या नजरेत भरले. १८६५ च्या हिवाळ्यात क्षयाचे पहिले रुग्ण हवेसाठी दावोसला येऊन राहिले. तेव्हापासून त्या खोऱ्याचे रूपच बदलले. आजारी माणसांबरोबर आजारी मुलेही येऊ लागली, आणि वर्ष-दोन वर्षे डोंगरावर काढणाऱ्या मुलाचे शिक्षण बुडू नये म्हणून १८७८ साली तिथे फ्रिडेरिसियानुम ही जर्मन निवासी शाळा निघाली. रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तो १८८२ च्या मार्चमध्ये. म्हणजे रोगाचे कारण कळण्याच्या चार वर्षे आधी त्या रोगाच्या मुलांसाठी शाळा उभी होती.

पुढे हा विचार पसरला. १९०३ पासून लेझाँ या दुसऱ्या स्विस गावात डॉ. ओग्युस्त रोलिए यांनी हाडांच्या आणि सांध्यांच्या क्षयावर सूर्यप्रकाशाचे उपचार सुरू केले, आणि १९१० साली जवळच सेर्नियाला अशक्त मुलांसाठी उन्हातली शाळा काढली. तिथली मुले पाठीवर घडीचे मेज घेऊन बर्फातून चालत जात आणि ऊन असेल तिथे वर्ग भरे. त्याआधी १९०४ साली बर्लिनजवळच्या शार्लोटनबुर्गमध्ये शहरातल्या अशक्त मुलांसाठी पाइनच्या झाडीत अरण्यशाळा भरली होती. तिथे धडे आखूड असत, जेवण भरपूर असे आणि दुपारी झोपण्याचा तास वेळापत्रकातच असे. आपल्याकडे याच्या जवळ जाणारे गाव म्हणजे पाचगणी. जॉन चेसन या इंग्रजाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते वसवले. महाबळेश्वरच्या पावसापुढे टिकता येत नव्हते, पाचगणीला बाराही महिने राहता येई. तिथे निवासी शाळा वाढल्या आणि १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल एअर आरोग्यधाम सुरू केले. हवा, शाळा आणि आरोग्यधाम ही तिन्ही एका पठारावर आली.

हे सगळे आल्प्सचे गुणगान म्हणून सांगत नाही. दावोसचा खर्च परवडणाऱ्या घरांतलीच मुले तिथे पोचत. कारखान्यातल्या मजुराचे मूल खालीच खोकत राहिले. तिथे गेलेल्यांपैकीही अनेक जण परतले नाहीत. आणि शेवटी त्या सगळ्या व्यवस्थेचा पाया भारतातच उखडला गेला. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागून इतर औषधे आल्यावर १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग संशोधन केंद्र सुरू झाले. गरीब रुग्णाला घरीच औषधे दिली तर आरोग्यधामात ठेवण्याइतकाच गुण येतो, हे तिथल्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले. डोंगरावरच्या हवेची गरज संपली आणि एकेक आरोग्यधाम हॉटेल होत गेले.

तरी त्या शाळांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिथे वेळापत्रक मुलाच्या शरीराकडे पाहून लावलेले होते. पडून राहण्याचा तास ही कोणाची मेहेरबानी नव्हती, तो शाळेचाच तास होता. शिकवणाऱ्याला आपल्या वर्गातल्या कोणत्या मुलाला आज ताप आहे हे ठाऊक असे, कारण ते ठाऊक असणे त्याच्या कामाचा भाग होता. आपल्या आश्रमशाळेत मूल दहा महिने राहते, पण त्याचे शरीर शाळेच्या कोणत्याच नोंदवहीत नसते. हजेरी असते, उंची-वजन असते, गुण असतात. रात्री ते किती वेळा उठले हे कुठे लिहिलेले नसते.

आल्प्सची ही गोष्ट इथे आणखी एका कारणाने लागू पडते, आणि ते कारण नेमके उलटे आहे. ज्या उंच, थंड, विरळ हवेने क्षयाच्या मुलांना हुशारी वाटे, तीच हवा सिकलसेलच्या मुलाला आडवे करू शकते. या आजारात रक्तातले हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळे असते. प्राणवायू कमी पडला, थंडी वाजली, अंगातले पाणी कमी झाले किंवा ताप आला की ते आतल्या आत गोठल्यासारखे होते आणि एरवी गोल, लवचीक असणारी तांबडी पेशी विळ्याच्या पात्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथले रक्त थांबते आणि असह्य दुखते. हात, पाय, पाठ, छाती, पोट, कुठेही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, दम लवकर लागणारा. आई-वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काही होत नाही. आपल्याकडच्या अहवालांत वाहकाला एएस आणि रुग्णाला एसएस लिहितात, आणि कुरखेड्याच्या दवाखान्याच्या ओट्यावर बसलेली न शिकलेली आईही ही अक्षरे बिनचूक सांगते.

वैद्यकाने या आजाराची पहिली नोंद केली ती १९१० साली शिकागोत, डॉ. जेम्स हेरिक यांनी. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला तरुण. जगातला पहिला नोंदलेला सिकलसेलचा रुग्ण घरदार सोडून परमुलखात राहून शिकणारा विद्यार्थी होता, ही गोष्ट या पुस्तकाच्या वाचकाने लक्षात ठेवावी. भारतात १९५२ साली लेहमन आणि कटबुश यांना निलगिरीतल्या आदिवासींत हा दोष आढळला. विदर्भाचा प्रश्न पुढे आला १९५८ साली, नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी महार समाजातल्या सिकलसेलविषयी लिहिले तेव्हा. त्यामुळे हा केवळ आदिवासींचा आजार आहे हा समज तेव्हाच मोडायला हवा होता. तो अजून मोडलेला नाही. आदिवासी विकास विभागाच्या शाळांत तपासण्या होतात आणि शेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले बौद्ध किंवा ढिवर मूल तसेच राहते, असे होता कामा नये.

हा दोष इथेच इतका का, याचे उत्तर हिवतापात आहे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले की सिकलसेलच्या वाहकाला जिवावरच्या हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान् पिढ्या हिवताप माणसे नेत आला तिथे वाहक अधिक जगले आणि दोष टिकून राहिला. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार वाहणारा जिल्हा गडचिरोली आहे, तेव्हा इथे सिकलसेल असणे हा योगायोग नाही. पण यातून एक घातक गैरसमज निघतो. संरक्षण आहे ते वाहकाला. ज्या मुलाला आजारच आहे त्याला हिवताप झाला तर त्याचे आधीच तोकडे असलेले रक्त आणखी फुटते आणि जीव धोक्यात येतो. मच्छरदाणी सगळ्यांनाच हवी. पण आश्रमशाळेत ती आधी कोणाच्या खाटेवर लागायला हवी, हे यावरून ठरते.

आता निवासाच्या आतल्या गोष्टींकडे येतो, कारण पुस्तकाचा खरा जीव तिथे आहे.

सिकलसेलच्या मुलाच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. ती पातळ आणि भरपूर होते. त्यामुळे मुलाला सतत तहान लागते, त्याने पाणी खूप प्यायलाच हवे, आणि रात्री त्याला अनेकदा उठावे लागते. घरी ते अंगणात जाऊन येते. आश्रमशाळेत संडास इमारतीच्या मागे, वाटेत अंधार, पावसाळ्यात सापाची भीती. मूल दाबून धरते किंवा अंथरूण ओले करते. सातवीतली मुलगी अंथरूण ओले करते म्हणून तिला हसतात, रागावतात. मग ती स्वतःच युक्ती काढते आणि संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडते. चार दिवसांनी तिची हाडे दुखायला लागतात. निवासात कोणालाच या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही. खाटेजवळ पाण्याची बाटली आणि संडासाच्या वाटेवर रात्रभर एक दिवा, एवढ्याने टळणारे दुखणे इंजेक्शनपर्यंत जाते.

थंडीचेही तसेच. डिसेंबर-जानेवारीत या जंगलपट्ट्यात पहाटे बोचरी थंडी असते. पाचला उठणे, हौदाच्या पाण्याने अंघोळ, मग मैदानावर कवायत. धडधाकट मुलाला यातून ताकद येते, असे मानायची आपली रीत आहे. सिकलसेलच्या मुलाला गार पाण्याची अंघोळ हेच दुखण्याचे निमित्त होते. दोन तांबे गरम पाणी, एक जादा ब्लँकेट, पायमोजे आणि धावण्याच्या शर्यतीतून सूट ही त्याच्यासाठी लाडाची गोष्ट नाही. खेळू नको असेही त्याला म्हणायचे नाही. खेळू द्यावे, दम लागला की बसू द्यावे, पाणी द्यावे. नेमके हेच शाळेत घडत नाही, कारण बाहेरून मूल ठीकच दिसते. काल खेळत होते, आज रडते आहे, परवा पुन्हा खेळेल. हे पाहून शिक्षक म्हणतात, सोंग करते आहे. सोंगाचा हा शेरा एकदा बसला की मूल पुढच्या वेळी सांगतच नाही.

मोठ्या मुलांचे आणखी काही असते. अंगाने ती मागे राहतात, वयात उशिरा येतात, वर्गातल्या लहानग्यांत शोभतात, आणि चिडवली जातात. काही मुलग्यांना लिंगाला तासन् तास दुखरी ताठरता येते. हाही त्याच आजाराचा भाग आहे आणि वेळेत उपचार झाला नाही तर कायमचे नुकसान होते. पण पंधरा वर्षांचा मुलगा हे अधीक्षकाला सांगेल कसे? त्याला ही गोष्ट आधीच कोणीतरी, शक्यतो पुरुष आरोग्य कर्मचाऱ्याने, साध्या शब्दांत सांगून ठेवलेली असली तरच तो सांगेल. काहींचे खुब्याचे हाड रक्ताअभावी झिजते आणि चाल लंगडी होते. ते पडल्यामुळे झाले असे समजून मालिश होत राहते.

ताप मात्र सगळ्यात धोक्याचा. या मुलांची पानथरी लहानपणीच निकामी होत जाते, आणि न्यूमोकोकससारख्या जंतूंपुढे शरीर उघडे पडते. म्हणून नेहमीच्या मुलाला तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबता येते, सिकलसेलच्या मुलाला येत नाही. त्याच रात्री गाडी काढून कुरखेड्याच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले पाहिजे. छातीत दुखून दम लागला, पानथरी एकाएकी वाढून मूल पांढरेफटक पडले, हात-पाय किंवा तोंड एका बाजूला वाकडे झाले, तरीही तेच. हा निर्णय रात्री अकरा वाजता अधीक्षकाने घ्यायचा असतो. त्याच्याजवळ गाडी नसते, कधी फोनला रेंज नसते, आणि या मुलाचा ताप वेगळा आहे हेही त्याला कोणी सांगितलेले नसते. मृत्यूनंतर निलंबन त्याचे होते. त्याला शिकवले का नव्हते, हा प्रश्न चौकशीत येत नाही.

औषध आता साधे आणि बऱ्यापैकी परिणामकारक आहे. फॉलिक ॲसिड रोज, आणि ज्यांना वारंवार दुखते त्यांना हायड्रॉक्सियुरिया. या औषधाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी वाकड्या होणे कमी होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांवर त्याचा अभ्यास करून ते आपल्याकडच्या रुग्णांनाही उपयोगी असल्याचे दाखवले. पण गोळी रोज घ्यावी लागते, वर्षानुवर्षे, आणि रक्ताची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. निवासी शाळा इथे फार मोठे काम करू शकते. घरापेक्षा शाळेत रोज एका वेळी गोळी देणे सोपे आहे. पण ही साखळी तुटते ती सुट्टीत. दिवाळीला आणि उन्हाळ्यात मूल घरी जाते, गोळ्या कपाटात राहतात, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्त्याच्या फडावर आईबरोबर ते पाण्यावाचून फिरते, आणि जूनमध्ये दुखणे घेऊन शाळेत परत येते. सुट्टीला निघताना मुलाच्या पिशवीत पूर्ण सुट्टीच्या गोळ्या घालणे, आणि गावच्या आशाताईला निरोप देणे, हे काम कोणाचे, हे कुठे तरी लिहून ठेवायला हवे.

आश्रमशाळांतल्या मृत्यूंविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने महाराष्ट्रातल्या आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. सुमारे पंधरा वर्षांत हजाराहून अधिक मुले गेल्याचे तेव्हा पुढे आले, आणि त्यातल्या अनेकांच्या मृत्यूचे कारणच नीट नोंदलेले नव्हते. मला आकड्यापेक्षा ही दुसरी गोष्ट अधिक छळते. कारण नोंदलेले नाही म्हणजे ताप, पोटदुखी, अचानक, असे काहीतरी लिहिलेले. त्यात सिकलसेलचे किती होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचे फिरते पथक शाळाशाळांत जाऊन मुले तपासते. ती तपासणी मोलाची आहे. पण पथक एका दिवशी येते आणि जाते. मुलाचे दुखणे उरलेल्या दिवसांत आणि त्याहून जास्त रात्रींत असते.

कुरखेडा या बाबतीत अगदी पोरके नव्हते. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांची 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८४ पासून या भागात आरोग्याचे, महिलांचे आणि अपंगांच्या हक्कांचे काम करते आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' स्थापन केली, तेव्हा सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेलचा अभ्यास होता. लोकांना मात्र तो आपला तातडीचा प्रश्न वाटला नाही, हे डॉ. बंग यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. त्यातून त्यांनी लोकांचे ऐकून संशोधन ठरवायचा धडा घेतला, तो योग्यच होता. पण मला त्याची दुसरी बाजूही दिसते. ज्या काळात मुले न्यूमोनियाने आणि हगवणीने पाळण्यातच जात होती, त्या काळात सिकलसेलची मुले त्याच नावांखाली जात होती. आज बालमृत्यू घटले. ती मुले जगून शाळेच्या वयाला पोचली आणि आश्रमशाळेत दाखल झाली. सिकलसेल हा आज तातडीचा प्रश्न झाला आहे तो यामुळे.

शासनाचा कार्यक्रमही वाढत गेला. राज्याचा सिकलसेल कार्यक्रम २००८-०९ च्या सुमारास सुरू झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामुळे परीक्षेतल्या सवलतीचा आणि प्रमाणपत्राचा हक्क मिळाला. हा कायदा व्हावा म्हणून लढणाऱ्यांत नागपूरच्या सिकलसेल सोसायटीचे संपत रामटेके यांचे काम ठळक होते. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली: चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन.

या मोहिमेत कार्ड वाटले जाते आणि लग्न जुळवताना ते पाहावे असे सांगितले जाते. इथे मला काळजी वाटते. दोन वाहकांनी लग्नाआधी समजून घ्यावे हे बरोबरच आहे. पण कार्ड आश्रमशाळेत वाटले गेले, यादी भिंतीवर लागली, आणि 'ती सिकलवाली' हे नाव आठवीतल्या मुलीला चिकटले, तर ते तिच्या गावापर्यंत जाते आणि सोयरिकीच्या वेळी आडवे येते. मुलाला कोणी काही विचारत नाही. दोष मुलीचाच ठरतो. वाहक मुलगी पूर्ण निरोगी असते आणि वाहक किंवा रुग्ण नसलेल्या मुलाशी तिचे लग्न झाले तर तिच्या मुलांना हा आजार होत नाही, हे वाक्य कार्डाबरोबर प्रत्येक घरात पोचले पाहिजे. शाळेतली यादी दोनच ठिकाणी असावी, अधीक्षकाच्या कपाटात आणि आरोग्य केंद्रात. मूल कोण आहे हे माहीत असायला हवे ते त्याची काळजी घेणाऱ्याला. बाकीच्या निवासाला ते माहीत असायची गरज नाही. याच कारणाने या पुस्तकात एकाही मुलाचे वा मुलीचे नाव नाही, आणि गावेही सांगितलेली नाहीत. वाचकाने ती ओळखण्याचा प्रयत्न करू नये.

पुस्तकाची भाषा काही ठिकाणी खडबडीत वाटेल. कामाठ्याने सांगितलेले कामाठ्याच्या बोलीत ठेवले आहे, आईने झाडीबोलीत सांगितलेले तसेच. ते प्रमाण मराठीत बसवले असते तर रात्री मुलाला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत नेणाऱ्या माणसाचा आवाजच हरवला असता. डॉक्टरांना यात पुनरुक्ती वाटेल. पाणी, थंडी, ताप, पुन्हा पाणी. ती राहू द्यावी. ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्यांना ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायची सवड मिळणार नाही. जे पान उघडेल त्यावर पाण्याची गोष्ट असली पाहिजे.

या पुस्तकात एक जागा रिकामी आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत या शाळांत शिकलेली आणि 'हाडं फुटतात' म्हणून अर्ध्यातून घरी गेलेली मुले कुठे आहेत, हे फारसे हाती लागलेले नाही. त्यांच्यातली काही आज पन्नाशी-साठीत असतील, काहींचे भाऊ-बहीण असतील. कुरखेडा, कोरची, वडसा, धानोरा भागातल्या वाचकांना माझी विनंती आहे की तुमच्या घरात किंवा वर्गात असे कोणी होते, तर त्याची हकिगत वहीच्या एका पानावर लिहून काढा: कोणती शाळा, कोणते वर्ष, काय दुखायचे, कोणी काय केले. आणि ज्यांचे मूल या जूनमध्ये आश्रमशाळेत जाणार आहे त्यांनी दाखल्याबरोबर सिकलसेलच्या तपासणीचा कागद अधीक्षकांच्या हातात द्यावा, आणि रात्री पाणी आणि दिवा कुठे आहे ते स्वतः पाहून मगच घरी परतावे.